लिंबाचं कपाट आणि करडीचं तेल

आमच्याकडे वस्तू टिकवायची म्हणजे झाकायची. मी कवठे महांकाळच्या बाजूची. तिथं पावसाचा भरवसा नाही, फुफाटा मात्र बारा महिने. दार उघडं राहिलं की तासाभरात भांड्यांवर, अंथरुणावर, देव्हाऱ्यातल्या देवांवर मातीचा थर. त्यामुळे आईनं मला संसाराचं म्हणून जे शिकवलं ते एवढंच की झाक, बांध, दार लाव. पिठाच्या डब्यावर फडकं, फडक्यावर झाकण, झाकणावर दगड. दुसरा नियम लाकडाचा. तिकडच्या उन्हात लाकूड तडकतं, म्हणून वर्षातनं एकदा त्याला तेल पाजायचं. दाराची चौकट, मुसळ, बाजेचे पाय, कुऱ्हाडीचा दांडा, सगळ्यांना करडीचं तेल.

हे दोन्ही नियम घेऊन मी लग्न करून पाटणच्या बाजूला आले. इथं पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि दसऱ्याच्या आसपास, त्याला वाटलं तर, थांबतो. भिंतींना घाम येतो. मीठ पाण्यात बसल्यासारखं होतं. माझे दोन्ही नियम इथं उलटे होते, हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. घरोघरी जाऊन लोकांना हवा खेळती ठेवा म्हणून सांगते.

लग्न ठरलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाडग्यातला कडुलिंब तोडला. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. आमची मेंढरं तोवर निम्म्यावर आली होती, आबा शेतीकडे वळले होते, पण उरलेली मेंढरं दुपारी त्याच लिंबाखाली बसायची. मी म्हटलं, "आबा, मेंढरांची सावली गेली की."

"मेंढरं दुसरी सावली हुडकत्यात," आबा म्हणाले. "तुला कपाट कुठनं मिळंल?"

आई मी बारावीत असतानाच गेली होती. लेकीला काय द्यायचं हे आबांना सांगणारं घरात कोणी नव्हतं. त्यांनी त्यांच्या अकलेनं ठरवलं आणि ठरवलं ते असं.

फळ्या पाडून आणल्या आणि सपरात, म्हणजे छपराखाली, रचून ठेवल्या. रोज सकाळी आबा जायचे आणि एकेका फळीवर बोटाचं पेर मारून बघायचे. टकटक. मग मान हलवून परत यायचे. "वाळल्यालं लाकूड बोलतंय, वलं लाकूड मुकं ऱ्हातंय," असं त्यांचं म्हणणं. चार महिने झाले. सुतार कंटाळला. एक दिवस त्यानं 'वाळलीय ही' म्हणून एक फळी रंध्याखाली घेतली. आबांनी ती ठोकून पाहिली, उचलली आणि परत सपरात नेऊन ठेवली.

"आवं, एवढी चालती," सुतार म्हणाला.

"तुला चालंल. लाकडाला न्हाई चालायची."

काम पंधरा दिवस थांबलं. मला हळद लागली तेव्हा कपाटाचं एक दार अजून बसायचं होतं आणि माझी मावशी आबांना नाही नाही ते बोलत होती. आबांवर ढिम्म परिणाम नाही. लाकडाबद्दल ते कोणाला खोटं बोलू देत नाहीत आणि स्वतः बोलत नाहीत. मेंढराच्या वयाबद्दल बाजारात काही बोलले असतील तर ते मला माहीत नाही.

कपाट झालं ते पुरुषभर उंच, दोन दारांचं, चार फळ्यांचं. रंग द्यायचा नाही ही आबांची अट. लिंबाच्या लाकडाला कीड लागत नाही, रंग कशाला? टेम्पोतनं उतरवलं तेव्हा सासरची माणसं बघायला जमली. सासूबाईंनी दार उघडून नाक आत घातलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "कडू वास येतोय." बरं की वाईट ते सांगितलं नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्यात बहुतेक सगळ्याच म्हणतात. आत्यांचं कौतुक असंच असतं, ते आपण समजून घ्यायचं.

आता मुक्कामाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. जुनी माणसं तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाहीत. आबा एवढे कडक नव्हते. चहा घ्यायचे, जेवायचे, पण तीन वाजले की चपला शोधायला लागायचे. चारची एसटी चुकली तर जणू आभाळ कोसळणार होतं. मुक्काम करायला कारण लागतं. आजारपण, बारसं, नाहीतर काहीतरी काम. नुसतं लेकीला बघावं वाटलं म्हणून राहिलो, असं आमच्याकडचा बाप तोंडानं म्हणणार नाही. त्याचं त्यालाच अवघडतं, विहिणीसमोर तर जास्तच.

आबांनी कारण शोधलं ते तेलाचं.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटाला, पेरणीच्या आधी, ते यायचे. कवठे महांकाळहून तासगाव, तासगावहून कराड, कराडला गाडी बदलून पाटण, आणि तिथून आमच्या गावची गाडी. पहाटे निघून दुपार व्हायची त्यात. पिशवीत घरच्या करडीचं घाण्यावरचं तेल, जुन्या धोतराचा बोळा आणि माझ्या पोरीला बेदाण्याची पुडी. हातपाय धुतले की कपाटापाशी बसायचे. बोळा तेलात बुडवून एकेक फळी, दाराची आतली बाजू, बाहेरची बाजू, कडा. घाई नाही. "एक हात दिला की रातभर मुरू द्यायचा. दुसरा हात सकाळी," असं ते पहिल्या वर्षी आत्यांना समजावून सांगत होते. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

दुसरा हात सकाळी द्यायचा म्हटल्यावर राहणं आलंच. वर्षातला तो एक मुक्काम. संध्याकाळी ओसरीच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला आत्या, मध्ये माझी पोरगी. दोघं पावसापाण्याचं बोलायचे. आबा तिकडं पडत नाही म्हणून सांगायचे, आत्या हिकडं थांबत न्हाई म्हणून. आमचे हे कराडजवळ मलकापूरला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात आहेत, ते संध्याकाळी येताना मटण घेऊन यायचे. सकाळी दुसरा हात द्यायचा आणि दहाच्या गाडीनं आबा परत. मी गाडीपर्यंत जायची. रडायचं वगैरे मला जमत नाही, पण त्या दिवशी उपकेंद्रात माझ्या तोंडाला कोणी लागायचं नाही.

पहिला पावसाळा आला तेव्हा मी आईच्या नियमानं वागले. कपाट भिंतीला घट्ट चिकटवलं, मागून धूळ जायला नको. फळ्यांवर वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक, त्यावर साड्या. दारांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. डांबरगोळ्या टाकल्या. आणि दोन महिने उघडलं नाही, कारण उघडलं की खराब होतं असा माझा समज.

नागपंचमीला साडी काढायला दार उघडलं. आतून सगळं हिरवट पांढरं. फळ्यांवर, दारांवर, कोपऱ्यांत बारीक लव उगवली होती, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. पाठीमागच्या फळीवर काळे ठिपके. लग्नातल्या शालूच्या घडीवर पिवळे डाग. कडू वास गेला होता, कुबट वास आला होता. आमच्या तिकडं मी जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. मला आधी वाटलं कोणी काही करणी केली.

आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "बुरा आलाय," म्हणाल्या. इकडं बुरशीला बुरा म्हणतात. "त्यात काय भ्यायचं? वल हाय घरात."

मी सुक्या फडक्यानं तो बुरा घरातच झटकला. आता सांगताना हसू येतं. बारीक भुकटी सगळ्या खोलीत उडाली आणि आत्यांना असा खोकला लागला की त्या ओसरीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले म्हणून उपकेंद्रातनं ब्लिचिंग पावडर आणून ती कालवून फासली. विहिरीचं पाणी सुधारतं तर कपाट का नाही सुधारणार? लाकूड जागोजागी पांढरं पडलं, मला वाटलं बुरा मेला. आठवड्यात त्याच जागी परत. वरनं पांढरं केलं, पाणी मात्र लाकडाला आणखी पाजलं. आबांनी पुढच्या मे महिन्यात ते पांढरे चट्टे बघितले, काही विचारलं नाही, त्यांच्यावर तेलाचा तिसरा हात दिला.

असं दरसाल चाललं. मे महिन्यात तेल, श्रावणात बुरा, दिवाळीला मी पुसणार, परत मे महिन्यात तेल. आत्यांचा खोकला वाढत गेला. आधी पावसाळ्यापुरता होता, मग थंडीतही राहायला लागला, मग धाप. त्यांची बाज त्याच मधल्या खोलीत, कपाटापासून चार हातांवर. दम्याचा पंप सुरू झाला. कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी?" आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या कपाटात बागायत हाय."

मला लाज वाटली. नर्सच्या घरात, नर्सच्या माहेरच्या कपाटात. घरी येताना गाडीत आत्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या पावसाच्या आदी कपाट नीट कर. न्हाईतर भाईर काढ, अंघोळीच्या पाण्याला जळण हुईल. दोन्ही जमत नसंल तर मी लेकीकडं जाते."

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी दुसऱ्याच्या घरी गेले असते तर हेच सांगितलं असतं, आणि जास्त कडक शब्दांत.

मी बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यानं कपाट भिंतीपासून ओढलं, मागची बाजू बघितली, आतल्या फळीवर नखानं खरवडलं, नख नाकाशी नेलं.

"ह्याला खायाला कोण घालतंय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"तेल हाय हे. खायाचं कच्चं तेल. ते लवकर वाळत न्हाई, चिकाट ऱ्हातं. त्यात हिकडची वल, त्यात दार बंद. बुऱ्याची तर दिवाळी. माझी आजी म्हणायची, वाण्याच्या दुकानात उंदीर पोसलेला असतोय. आवं, तुमी बुरा पोसलाय."

मग त्यानं सांगितलं काय करायचं ते. कपाट घराबाहेर न्यायचं, आत झटकायचं नाही. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालायचा, फडकं घट्ट पिळून पुसायचं, पाणी ओतायचं नाही. तेलाचा चिकटपणा निघेपर्यंत परत परत. मग पॉलिश पेपरनं घासायचं. मग वाळवायचं, पुरतं. पाठीमागच्या फळीला वर-खाली भोकं पाडून जाळी बसवायची. पायाखाली विटा, भिंतीपासून वीतभर अंतर, प्लास्टिक फेकून द्यायचं, आणि पावसात ऊन पडलं की दारं उघडी टाकायची. "आनि तेल बंद," तो जाता जाता म्हणाला. "एक थेंब न्हाई."

मी एकदम मोकळी झाले. रोग सापडला की मला बरं वाटतं. जेवताना मी जाहीर केलं की आजच आबांना फोन करून सांगते, तेल आणू नका.

आमचे हे म्हणाले, "सांग की. त्यात काय?"

आत्या भाकरी कुस्करत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "मग तुजा बा येनार कशाला?"

मला खरंच तोवर सुचलं नव्हतं. दहा वर्षं त्या बोळ्याकडे बघत होते आणि मला ते तेलच वाटत होतं. मी म्हटलं, "येतील की. भेटायला येतील."

"येतील. आनि चारच्या गाडीनं जातील." त्यांनी कालवण ओढून घेतलं. "माजा बा कवा ऱ्हायलाच न्हाई. शेंगांचं बोचकं घ्येऊन यायचा, ओसरीवर उभ्यानं च्या प्यायचा, आनि चालला. मी परड्यातनं वाट दिसायची तवर बघायची. मेला तवर एक रात ऱ्हायला न्हाई."

"मग काय तेल लावू दे त्यांना? आणि तुम्ही धापा टाका?" माझा आवाज चढला. मला कोंडीत पकडलं की राग येतो.

"असं मी म्हनले का?" आत्या म्हणाल्या, आणि विषय तिथंच राहिला.

मी फोन केला नाही. रोज करीन म्हणायची आणि रोज राहायचं, कपाट धुवायचं कामही तसंच राहिलं. आबांचा फोन यायचा तेव्हा मेंढरांचं, भावाच्या पोरांचं विचारायची, तेलाचं तोंडातनं निघायचं नाही. ठरवलं की आल्यावर सावकाश, जेवण झाल्यावर, नीट शब्दांत सांगू. लसीकरणाला नाही म्हणणाऱ्या बायकांना मी नीट शब्दांत पटवते, बापाला पटवता येणार नाही होय?

गेल्या मे महिन्यात आबा आले. उन्हानं करपून, धोतराला धूळ, खांद्यावर पिशवी. हातपाय धुवायच्या आधीच त्यांनी पिशवीतनं बाटली काढली. नेहमीपेक्षा मोठी होती. "औंदा करडी बरी झाली," म्हणाले. चेहऱ्यावर एवढं समाधान की मला ते बघवलं नाही, आणि माझ्या तोंडातनं फटकन निघालं, "आबा, ह्या तेलानंच बुरा येतोय कपाटाला. आत्यांना दम लागतोय त्यानं. सुतारानं सांगितलंय."

ओसरीवरच. पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

आबांनी बाटलीकडे बघितलं. मग आत्यांकडे बघितलं, त्या बाजेवर पंप हातात घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली, बोळा तिच्यावर ठेवला आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"मला ठावं न्हवतं," ते म्हणाले. "आमच्याकडं तेल लावलं न्हाई तर लाकूड मरतंय."

"माहीत आहे मला. आबा, तसं नाही..."

"न्हाई, न्हाई. बरं झालं सांगितलंस." मी आणलेलं पाणी ते प्यायले. चहा प्यायले. पोरीला बेदाणे दिले. आणि मग जे मला नको होतं तेच म्हणाले, "मग चारची गाडी गावंल मला."

मला स्वतःची चीड आली. पहाटेपासून चार गाड्या बदलून आलेला माणूस, सत्तरीच्या पुढचा, आणि त्याला मी दारातच उलटा फिरवला होता. राहा म्हणावं तर आबा राहणार नाहीत हे ठाऊक. मी रिकामा तांब्या घेऊन आत वळले.

"कुटं चालला पाव्हणं?" आत्यांचा आवाज आला. "आनि ते कपाट कोन धुनार? मी?"

आबा थांबले.

"दहा वर्साचं त्याल प्यायलंय ते. तुमीच पाजलंय, तुमीच काडा. हिला काय जमतंय? ही त्याला विहिरीची पावडर लावनारी. आनि ती बाटली हिकडं द्या, धपाट्याला हुईल. खायाचं तेल लाकडाला पाजत्यात व्हय?"

आबा हसले. विहिणीसमोर दात दिसू न देता हसायची त्यांची रीत आहे, तसं. पिशवी खुंटीला अडकवली, बाटली काढून माझ्याकडे दिली आणि बाह्या सरसावल्या.

कपाट आम्ही अंगणात काढलं. फळ्या सुट्या केल्या. मी आबांना उपकेंद्रातला मास्क बांधायला लावला. "बैलाला मुसकं बांधत्यात तसं केलंस," ते आतनं म्हणाले. मी सोड्याचं पाणी करून द्यायची, ते पुसायचे. पहिली बादली काळी आणि वरनं तेलाचे डोळे तरंगत होते. आबा प्रत्येक बादली बघायचे, मग ओतायला द्यायचे. पाचव्या-सहाव्या बादलीला पाणी जरा पाण्यासारखं दिसायला लागलं. अंधार पडायच्या आत सगळ्या फळ्या पुसून भिंतीशी उभ्या केल्या. चारची गाडी कधीच गेली होती, कोणी तिचं नाव काढलं नाही. धपाटी त्याच तेलात झाली. आबांनी दोन जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वाळवण. ते काम आबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कडक ऊन लागलं तर लाकूड वाकतं म्हणून अकराला फळ्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला, चारनंतर परत उन्हात, तासातासाला पालटायच्या. मधल्या वेळात पॉलिश पेपर. सुतार येऊन पाठीमागच्या फळीला भोकं पाडून जाळी ठोकून गेला. त्या दोघांचं काय जमलं काय माहीत, तासभर लाकडावरच बोलत होते. संध्याकाळी वळवाचे ढग आले आणि आम्ही सगळे, धाप लागणाऱ्या आत्यांसकट, फळ्या आत ओढत होतो. दोन फळ्यांवर थेंब पडले. म्हणजे दुसरा मुक्काम आपसूक झाला. लग्नापासून आबा सलग दोन रात्री माझ्या घरी राहिले नव्हते.

ह्या वर्षीचा पावसाळा आता सरत आलाय, तो बराच बरा गेला. खालच्या फळीच्या कोपऱ्यात एकदा बुरा आला, तो मी बाहेर नेऊन पुसला, बस. आत्यांचा पंप सुटला नाही, पण कमी लागतो. कपाट विटांवर उभं आहे, भिंतीपासून वीतभर पुढं, दारं उघडी. आमच्या गावाकडचं कोणी बघितलं तर म्हणेल काय गबाळी बाई आहे, कपाट उघडं टाकून बसलीय.

पण सांगायचं होतं ते तिसऱ्या दिवसाचं. ऊन लख्ख होतं आणि वाराही होता. दुपारपर्यंत फळ्या अशा कोरड्या ठणठणीत झाल्या की हात लावला तर चटका बसावा. आबांनी त्या एकेक करून कपाटात बसवल्या, मागून आम्ही कपाट आत नेऊन विटांवर ठेवलं. काम संपलं. आबांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि खुंटीवरची पिशवी काढली. पावणेतीन झाले होते. पोरगी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. मी गाडीपर्यंत जायला चप्पल घालत होते. अजून एक दिवस राहा, असं म्हणायचं होतं, पण मला माहीत होतं की ते म्हटलं तर आबा लाजतील आणि जास्तच घाई करतील.

आत्या बाजेवरनं उठल्या. कपाटापाशी गेल्या. मधल्या फळीवर तळहात ठेवला, तसाच ठेवून उभ्या राहिल्या, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "हिला अजून वल हाय. उद्याचं ऊन द्याया लागंल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आबा पिशवी घेऊनच कपाटापाशी आले. वाकून त्याच फळीवर बोटाचं पेर मारलं. टकटक. तो आवाज मला दारातनं ऐकू आला, टणक, स्वच्छ. लाकूड स्पष्ट बोललं. आबांनी परत एकदा मारलं. मग ते सरळ झाले, टोपी काढली आणि पिशवी खुंटीला परत अडकवली.

"व्हय, इहीणबाई," ते म्हणाले. "वल हाय."